जाब विचारण्याची रीत : महाभियोगाची गोष्ट

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा लेखी मजकूर. बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय थोडा जड वाटेल, पण शब्द आपल्या कानांवरून नेहमी जातो. वर्तमानपत्रात मथळा येतो, 'अमुक राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग', आणि आपण समजतो की माणूस खुर्चीवरून गेला. तसे नसते. अभियोग म्हणजे आरोप, फिर्याद. महाभियोग म्हणजे सर्वांत वरच्या पदावरच्या माणसावर लोकप्रतिनिधींनी ठेवलेला रीतसर आरोप. आरोप ठेवणे ही पहिली पायरी. तो सिद्ध झाला की नाही हे ठरवणे ही दुसरी. पहिली पायरी चढून दुसरीवर अडलेले महाभियोग इतिहासात पुष्कळ आहेत.

हा विषय सुलतान बाजारात बोलायला मला विशेष आवडते, त्याला कारण आहे. इथून हाकेच्या अंतरावर रेसिडेन्सीची ती मोठी खांबांची इमारत उभी आहे, जिथे पुढे महिलांचे महाविद्यालय झाले. सुलतान बाजार हा एके काळी रेसिडेन्सीच्या अखत्यारीतला भाग. निजामाचा कायदा इथे तसाच्या तसा लागू नसे. बाहेर संस्थानात सभा घ्यायची तर आधी परवानगी, पुढे १९२९ मध्ये 'गश्ती निशान ५३' आले आणि ती वाट आणखी अरुंद झाली. राज्यकर्त्याला जाब विचारणारी, लोकांनी निवडून दिलेली सभाच नव्हती. म्हणून वाचनालये, शाळा, सभा-संमेलने यांना ह्या भागाचा आसरा वाटे. श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे तेलुगू ग्रंथालय १९०१ पासूनचे. वामनराव नाईक, केशवराव कोरटकर ह्या आपल्या मराठी पुढाऱ्यांनी शिक्षणाचे आणि लोकजागृतीचे काम ह्याच शहरात केले. गणेशोत्सवातले व्याख्यान हेदेखील त्या काळी बोलायची संधी मिळवण्याचे एक साधन होते. तेव्हा सत्तेवरच्या माणसाला जाब कसा विचारावा हा प्रश्न आपल्या वाडवडिलांनी इथेच, प्रत्यक्ष अनुभवलेला आहे.

ऐन गणेशोत्सवातला एक खून

गोष्ट पुण्यापासून सुरू करू. ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात गणेशोत्सव चालू होता आणि त्या दिवशी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. 'ध' चा 'मा' ही आख्यायिका आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. खुनानंतर पेशवेपद रघुनाथरावांकडे गेले. म्हणजे ज्याच्यावर संशय, तोच राज्याचा धनी. आता त्याला विचारणार कोण?

विचारले रामशास्त्री प्रभुणे यांनी. चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि ह्या पापाला देहान्त प्रायश्चित्त असे तोंडावर सांगून पुणे सोडले. आपल्याला ह्या प्रसंगाचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण नीट पाहिले तर रामशास्त्र्यांजवळ निकाल होता, निकाल अमलात आणायची रीत नव्हती. न्यायाधीश निघून गेले आणि दोषी गादीवर राहिला.

मग पुढे आले ते बारभाई. सखारामबापू, नाना फडणवीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके आदी मुत्सद्दी एकत्र झाले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर त्यांना मुलगा झाला आणि त्या चाळीस दिवसांच्या बाळाला, सवाई माधवरावांना, पेशवाईची वस्त्रे मिळाली. रघुनाथराव पदावरून गेले. बारभाईंजवळ बळ होते, पण तेही ठरलेल्या कायद्याने मिळालेले नव्हते. ते त्यांनी फौजेच्या आणि मसलतीच्या जोरावर मिळवले होते. त्यामुळे झाले काय, की पदच्युत माणूस आपला दावा घेऊन शत्रूकडे गेला. ६ मार्च १७७५ रोजी रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध उभे राहिले.

जाब विचारण्याची ठरलेली रीत नसली की भांडण रणांगणावर जाते. हे लक्षात ठेवा.

पुण्याची ठिणगी, लंडनचा खटला

हे युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी हार खाल्ली. नाना फडणवीसांनी पुणे, हैदराबादचे निजाम अली खान, म्हैसूरचे हैदर अली आणि नागपूरकर भोसले यांची एकजूट इंग्रजांविरुद्ध जमवली. पुणे आणि हैदराबाद एका बाजूला होते, असेही दिवस होते.

त्या वेळी कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होते वॉरन हेस्टिंग्ज. एकीकडे मराठे, दुसरीकडे हैदर अली, शिवाय फ्रेंचांशी लढाई. पैसा कमी पडू लागला. तो त्यांनी कुठून काढला? बनारसचे राजे चेतसिंग यांच्याकडे ठरलेल्या खंडणीखेरीज दरसाल पाच लाख रुपयांची जादा मागणी केली, पुढे घोडदळ मागितले आणि १७८१ मध्ये थेट पन्नास लाखांचा दंड बसवायचा घाट घातला. राजांना राज्य गमवावे लागले. मग अवधच्या बेगमांच्या खजिन्यावर हात पडला. आपल्याशी चाललेल्या लढाईचा खर्च बऱ्याच अंशी त्या बनारस-अवधच्या माणसांकडून वसूल झाला.

हेस्टिंग्ज मायदेशी परतल्यावर एडमंड बर्क यांनी पार्लमेंटात त्यांच्यावर आरोपपत्र ठेवले. महाभियोग ही इंग्लंडची जुनी रीत. तिची सुरुवात १३७६ च्या पार्लमेंटपासून धरतात. खालच्या सभागृहाने आरोप ठेवायचा, वरच्या सभागृहाने न्याय करायचा. मे १७८७ मध्ये कॉमन्स सभेने हेस्टिंग्जवर महाभियोग ठेवला. १३ फेब्रुवारी १७८८ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सुनावणी सुरू झाली. पहिल्या दिवसांत लंडनचे बडे लोक प्रवेशिका मिळवून गर्दी करीत. बर्क यांचे पहिले भाषणच चार दिवस चालले. मग वर्षे गेली, लोकांचा रस गेला, काही उमराव वारले. २३ एप्रिल १७९५ रोजी, म्हणजे सात वर्षांनी, हेस्टिंग्ज सर्व आरोपांतून निर्दोष सुटले. बचावाच्या खर्चाने ते कर्जबाजारी झाले आणि कंपनीने त्यांना पेन्शन बांधून दिले.

मग ह्या खटल्याने साधले काय? एक गोष्ट साधली. हिंदुस्थानात केलेल्या कारभाराबद्दल इंग्लंडच्या सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याला सर्वांसमक्ष उभे राहून उत्तर द्यावे लागले. दुसरी गोष्ट त्याहून लांब पोहोचली. १७८७ च्या उन्हाळ्यात, हा महाभियोग गाजत असतानाच, अमेरिकेत फिलाडेल्फियाला राज्यघटना लिहिली जात होती. राष्ट्राध्यक्षाला कोणत्या कारणासाठी काढता यावे? मसुद्यात फक्त देशद्रोह आणि लाचखोरी होती. ८ सप्टेंबर १७८७ रोजी व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन उठले आणि त्यांनी हेस्टिंग्जचे उदाहरण दिले: त्यांच्यावरचा आरोप देशद्रोहाचा नाही, तरी तो गंभीर आहे. अशा माणसांना आपले कलम लागूच पडणार नाही. मेसन यांनी 'गैरकारभार' हा शब्द सुचवला. जेम्स मॅडिसन म्हणाले, तो फार मोघम आहे, त्याने राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर राहील. शेवटी 'मोठे गुन्हे आणि दुर्वर्तन' अशा अर्थाची जुनी इंग्रजी शब्दयोजना घातली गेली, ती आजही आहे.

मंडळी, शनिवारवाड्यातल्या खुनामुळे अमेरिकेची घटना लिहिली गेली असे कोणी म्हणणार नाही. पण नारायणरावांचा खून, राघोबांचा तह, युद्ध, युद्धखर्च, चेतसिंगांची पिळवणूक, हेस्टिंग्जवरचा आरोप आणि मेसन यांचे भाषण ही साखळी खरी आहे, आणि तिच्या पहिल्या कड्या आपल्या आहेत.

आपल्या घटनेतली रीत

आता आपल्या देशाकडे येऊ. घटना समितीत महाभियोगाच्या कलमावर २८ डिसेंबर १९४८ रोजी चर्चा झाली. हैदराबाद संस्थान भारतात सामील होऊन तेव्हा जेमतेम सव्वातीन महिने झाले होते आणि घटना समितीत आपल्या संस्थानाचा एकही प्रतिनिधी नव्हता. मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांना पुढे जानेवारी १९५३ मध्ये आपल्या उस्मानिया विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. अमेरिकेसारखी गुन्ह्यांची यादी आपल्या घटनेने दिली नाही. एकच कारण ठेवले: घटनेचा भंग. देशद्रोह, लाचखोरी, सगळे त्यात येते. आणि हे सुसंगतही आहे. पद घेताना राष्ट्रपती कलम ६० प्रमाणे घटनेचे रक्षण करण्याची शपथ घेतात. कलम ६१ त्या शपथेचाच हिशेब मागते.

रीत अशी आहे. लोकसभा किंवा राज्यसभा, कोणतेही सभागृह आरोप ठेवू शकते. त्या सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी किमान एकचतुर्थांश सदस्यांनी सह्या करून निदान चौदा दिवस आधी लेखी नोटीस द्यायची. लोकसभेत ५४३ जागा धरल्या तर १३६ सह्या, राज्यसभेत २४५ धरल्या तर ६२. मग ठराव मांडायचा आणि तो एकूण सदस्यसंख्येच्या दोनतृतीयांश मतांनी मंजूर व्हायला हवा. म्हणजे लोकसभेत ३६२, राज्यसभेत १६४. तेवढे झाले की आरोप ठेवला गेला. त्यानंतर दुसरे सभागृह चौकशी करते किंवा करवून घेते. राष्ट्रपतींना स्वतः हजर राहण्याचा किंवा वकील देण्याचा हक्क आहे. चौकशीअंती त्या सभागृहानेही दोनतृतीयांश मतांनी आरोप सिद्ध झाल्याचा ठराव केला, की त्या दिवसापासून राष्ट्रपती पदावरून दूर होतात.

यात तीन बारकावे आहेत. पहिला असा की राष्ट्रपतींच्या निवडणुकीत राज्यांचे आमदार मत देतात, पण महाभियोगात त्यांना मत नाही. उलट राज्यसभेतील नियुक्त सदस्यांना निवडणुकीत मत नाही, महाभियोगात आहे.

दुसरा, राष्ट्रपती पदावर असताना त्यांच्यावर फौजदारी खटला चालत नाही, आणि पदाच्या कामाबद्दल न्यायालयात उत्तर द्यावे लागत नाही. कलम ३६१ तसे सांगते. म्हणून महाभियोग हा एकच दरवाजा उघडा आहे. राज्यपालांच्या बाबतीत तोही नाही. त्यांना राष्ट्रपतीच काढू शकतात.

तिसरा सर्वांत महत्त्वाचा. दोनतृतीयांश मते 'हजर असलेल्यांची' नव्हेत, 'एकूण सदस्यांची'. म्हणजे जो आला नाही, किंवा आला आणि गप्प बसला, त्याचे वजन आपोआप विरोधाच्या पारड्यात पडते. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आजपर्यंत भारतात एकाही राष्ट्रपतींवर महाभियोगाचा ठराव मंजूर होणे तर सोडाच, तो मतदानापर्यंतसुद्धा गेलेला नाही. आपल्या हैदराबादेत जन्मलेले डॉ. झाकिर हुसेन, लोकसभेचे अध्यक्षपद भूषवून राष्ट्रपती झालेले नीलम संजीव रेड्डी, आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील, या सर्वांच्या काळात कलम ६१ कपाटातच राहिले. ही समाधानाची गोष्ट आहे.

इतकी कठीण का?

कोणी विचारील, पंतप्रधानांचे सरकार एका मताने पडते, मग इथे एवढा बंदोबस्त कशाला? १७ एप्रिल १९९९ ची आठवण पुष्कळांना असेल. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा मतांनी गेले. त्यासाठी कोणताही गुन्हा सिद्ध करावा लागला नाही. विश्वास उरला नाही एवढे पुरे. सरकार सभागृहाच्या विश्वासावर चालते, म्हणून ते ठीकच आहे.

राष्ट्रपतींचे तसे नाही. सरकारला कधीतरी 'पुन्हा विचार करा' असे सांगणे हे त्यांचे काम आहे. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशाबाबतची आणि १९९८ मध्ये बिहारबाबतची राष्ट्रपती राजवटीची शिफारस फेरविचारासाठी मंत्रिमंडळाकडे परत पाठवली. साध्या बहुमताने राष्ट्रपती काढता आले असते, तर असे पत्र लिहिताना कोणाचाही हात थरथरला असता.

अमेरिकेत हीच परीक्षा १८६८ मध्ये झाली. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी संसदेने केलेला कायदा डावलून युद्धमंत्र्यांना काढले, म्हणून महाभियोग आला. सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मते पडली. दोनतृतीयांशासाठी ३६ हवी होती. एका मताने ते वाचले, आणि त्यांच्याच विरोधी पक्षातल्या सात सिनेटरांनी पक्षादेश झुगारून त्यांना निर्दोष ठरवले होते. पुढे रिचर्ड निक्सन यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये मतदान होण्यापूर्वीच राजीनामा दिला. बिल क्लिंटन यांच्यावर १९९८ मध्ये आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर २०१९ व २०२१ मध्ये आरोप ठेवले गेले, सिनेटमध्ये ते सिद्ध झाले नाहीत. म्हणजे सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळात महाभियोगाने एकही अमेरिकन राष्ट्राध्यक्ष पदावरून गेलेला नाही.

दक्षिण कोरियात वेगळी व्यवस्था आहे. संसद आरोप ठेवते आणि शेवटचा निर्णय घटनात्मक न्यायालय देते. त्या न्यायालयाने २००४ मध्ये रोह मू-ह्यून यांना पद परत दिले, तर २०१७ मध्ये पार्क गुन-हे यांना आणि २०२५ मध्ये यून सुक-योल यांना पदावरून दूर केले. आपल्या शेजारी पाकिस्तानात परवेझ मुशर्रफ यांनी ऑगस्ट २००८ मध्ये महाभियोगाची चाहूल लागताच राजीनामा दिला. नुसती नोटीस येणार एवढ्यानेही कधी कधी काम होते.

११ मे १९९३

आता आपल्या देशात ही रीत खरोखर कसोटीला लागली तो प्रसंग सांगतो. तो राष्ट्रपतींचा नाही, न्यायाधीशांचा आहे. घटना त्याला 'पदावरून दूर करणे' म्हणते, पण लोक महाभियोगच म्हणतात, आणि बहुतेक पायऱ्या तशाच आहेत. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या लागतात. मग तीन जणांची चौकशी समिती बसते. आरोप सिद्ध झाले तर दोन्ही सभागृहांत ठराव मंजूर व्हावा लागतो. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश तर हवेतच, शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक हवेत.

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी हे आधी पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्या काळात सरकारी निवासस्थानावर आणि सामानसुमानावर बेसुमार, नियमबाह्य खर्च केल्याचे आरोप त्यांच्यावर आले. १९९१ मध्ये १०८ खासदारांच्या सह्यांची नोटीस लोकसभेचे तेव्हाचे अध्यक्ष रबी राय यांनी स्वीकारली. चौकशी समितीत कोण होते पाहा. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत, आपले मराठी न्यायाधीश. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई. आणि आपल्या हैदराबादच्या उच्च न्यायालयात अनेक वर्षे काम केलेले, सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी. समितीने चौदांपैकी अकरा आरोप सिद्ध झाल्याचा अहवाल दिला. न्यायमूर्तींनी आरोप अमान्य केले होते आणि त्यांची बाजूही पूर्ण ऐकली गेली. १० मे १९९३ रोजी त्यांचे वकील कपिल सिब्बल यांनी लोकसभेच्या कठड्यापाशी उभे राहून तासन्‌तास युक्तिवाद केला. ठराव मांडणारे होते सोमनाथ चॅटर्जी.

अध्यक्षांच्या आसनावर होते शिवराज पाटील. निजामी राज्यात चाकूरला जन्मलेले, उस्मानियात शिकलेले, लातूरचे खासदार. ज्या संस्थानात राज्यकर्त्याला प्रश्न विचारायची सोय नव्हती, तिथला एक मराठी मुलगा देशाच्या संसदेत, स्वतंत्र भारताच्या पहिल्या अशा सुनावणीत, सर्वांत वरच्या आसनावर बसला होता. एवढे एक दृश्य डोळ्यांसमोर आणले तरी पंचेचाळीस वर्षांत काय बदलले ते कळते.

११ मेला मतदान झाले. ठरावाच्या बाजूने १९६. विरोधात एकही नाही. आणि तटस्थ २०५.

मंडळी, आकडे पुन्हा ऐका. विरोधात शून्य. तरी ठराव पडला. कारण एकूण सदस्यांच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे पावणेतीनशे मते हवी होती. सत्ताधारी काँग्रेसचे सदस्य सभागृहात बसले आणि मत न देता बसून राहिले. समिती चुकली, आरोप खोटे आहेत, असे त्यांना वाटत असेल तर विरोधात मत द्यायला कोणी अडवले नव्हते. तेही त्यांनी केले नाही. रामस्वामी पदावर राहिले आणि पुढच्या वर्षी निवृत्त झाले.

रामशास्त्र्यांजवळ रीत नव्हती. १९९३ मध्ये रीत होती, समिती होती, पुरावा होता, सभागृह होते. फक्त हो किंवा नाही म्हणणारी माणसे कमी पडली.

असेच घडते असेही नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्यावरच्या आरोपांची चौकशी झाली. त्या समितीचे प्रमुख होते आपल्या उस्मानियातून वकिली शिकलेले न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी. सेन यांनी राज्यसभेत स्वतः उभे राहून आपली बाजू मांडली. १८ ऑगस्ट २०११ रोजी १८९ सदस्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले, विरोधात अगदी थोडे. लोकसभेत ठराव येण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. रीत तीच, घटना तीच. फरक मत देणाऱ्यांत.

आणि आपल्या शहराचाही एक अनुभव आहे. २०१६-१७ मध्ये तेलंगणा आणि आंध्र यांचे सामाईक उच्च न्यायालय हैदराबादेत होते. तिथल्या एका न्यायमूर्तींविरुद्ध राज्यसभेत पन्नासाहून अधिक सदस्यांनी सह्या करून नोटीस दिली. नंतर काही सदस्यांनी सह्या मागे घेतल्या, संख्या पन्नासच्या खाली आली आणि प्रकरण तिथेच थांबले. आरोप खरे होते की खोटे, हा प्रश्न चौकशीपर्यंत गेलाच नाही. खोटे असतील तर त्या न्यायमूर्तींवरही अन्यायच झाला, कारण निर्दोष ठरण्याची संधी त्यांना मिळाली नाही. सही करताना विचार हवा, आणि विचार करून केलेली सही टिकायला हवी.

आपला ह्याच्याशी काय संबंध?

आपण काही खासदार नाही. पण आपल्यापैकी बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या मंडळाचे, सोसायटीचे, शाळेच्या समितीचे, पतसंस्थेचे सभासद आहेत. वार्षिक सभा भरते. कोषाध्यक्ष हिशेब वाचतात. मागच्या बाकावरून आवाज येतो, 'मंजूर, मंजूर', आणि निम्मे लोक चहाकडे वळतात. आकडा खटकला तरी आपण म्हणतो, कशाला वाईटपणा घ्यायचा, आपलीच माणसे आहेत. मग बाहेर पडल्यावर जिन्यात कुजबुज सुरू होते. हे आपले घरगुती २०५.

हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. स्वच्छ काम करणाऱ्या कार्यकर्त्याला सभेत विचारलेल्या प्रश्नाचा फायदाच होतो. उत्तर दिले की त्याच्यावरचा किंतु संपतो. जिन्यातल्या कुजबुजीला मात्र तो कधीच उत्तर देऊ शकत नाही. महाभियोगाच्या रीतीत आरोपीला हजर राहण्याचा, वकील देण्याचा हक्क आहे तो ह्याचसाठी. विचारणाऱ्याने समोर विचारावे, उत्तर देणाऱ्याला पुरते बोलू द्यावे आणि मग बसलेल्या प्रत्येकाने हो किंवा नाही म्हणावे. तिन्हींतले एक जरी गळाले तरी रीत लंगडी पडते.

तरुण मुलामुलींना माझी एक विनंती आहे. घटनेची प्रत घरात ठेवा, मराठीतही मिळते. कलम ६० आणि ६१ एका बैठकीत वाचून होतात. वाचा, आणि ज्याला मत देणार त्या उमेदवाराला एकदा विचारा: तुम्ही सभागृहात किती वेळा गप्प बसलात? तो पक्षाचे नाव पुढे करील. करू द्या. पण कोणीतरी विचारते आहे, एवढे त्याच्या लक्षात राहील.

आणि आपल्या मंडळाची वार्षिक सभा उत्सवानंतर होईलच. तिला या. हिशेबाचा कागद हातात घ्या, वाचा, शंका असेल तर विचारा, नसेल तर मोकळ्या मनाने हात वर करून मंजूर म्हणा. पण हात वर करा.